खेळाची वानगी

संस्कृतांत ज्यास स्थालीपुलाकन्याय म्हणतात तो आपल्या घरोघरीं रोज स्वयंपाकाच्या वेळीं प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. पातेल्यांतील एक शीत बोटांत चेपून पाहावें आणि सगळा भात शिजला कीं नाहीं तें सांगावें, असा हा न्याय आहे. या न्यायांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते व ती बहुधा कोणी बोलून दाखवीत नाहीं. पातेल्यांतील सर्व तांदूळ एका जातीचे, एकाच पाण्यांतले व एकाच आंचेवरचे असले पाहिजेत. तसे ते नसले तर शीत चेपून कांहीं कळत नाहीं. उलट खोटी खात्री मात्र पटते. व्हिडिओ गेमच्या ज्या वानग्या हल्लीं फुकट मिळतात त्यांविषयीं लिहावयाचें मनांत आलें तेव्हां हाच न्याय प्रथम आठवला, आणि त्यांतील हें न बोललेलें गृहीतहि आठवलें.

ज्यांच्या घरीं शाळकरी मुलें आहेत त्या वाचकांस 'डेमो' हा शब्द नवा नाहीं. दूरचित्रवाणी संचास जोडावयाचें जें खेळाचें यंत्र, ज्यास कन्सोल म्हणतात, त्यावर नवा खेळ विक्रीस येण्याच्या सुमारास त्याचा एक तुकडा फुकट खेळावयास देतात. हा तुकडा यंत्राच्याच दुकानांतून इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा, अर्धा तास, क्वचित् दोन-तीन तास खेळावयाचा, आणि मग पूर्ण खेळ घ्यावयाचा कीं नाहीं तें ठरवावयाचें. ही गोष्ट लेख लिहिण्याइतकी मोठी आहे काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं प्लेस्टेशन ५ या यंत्राचा एखादा मोठा नवा खेळ आपल्याकडे सुमारें पांच हजार रुपयांस पडतो, आणि दुकानांतून उतरवून एकदां खेळावयास घेतला कीं आवडला नाहीं म्हणून तो परत करतां येत नाहीं. एकत्र कुटुंबांत तर हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाहीं. यंत्र एक, पडदा एक, तोहि दिवाणखान्यांत; आणि खेळणारे चार, पाहणारे दहा. तेथें काय आणावें हें जर वडील मंडळींनीं पाठ फिरवून मुलांवर सोडलें, तर तें मुलेंहि ठरवीत नाहींत, जाहिरात ठरविते.

वानगी देण्याची ही चाल फार जुनी नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत घरगुती यंत्रांचे खेळ प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्यें येत. आंत चिप बसविलेली ती डबी तयार करण्यास खर्च इतका येई कीं ती फुकट वाटणें कोणत्याहि कंपनीस परवडण्यासारखें नव्हतें. खेळ चाखावयाचाच असेल तर दुकानांत मांडलेल्या यंत्रापुढें उभें राहून आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागे. पुढें ३ डिसेंबर १९९४ रोजीं सोनी कंपनीनें जपानांत प्लेस्टेशन विक्रीस काढलें आणि त्याचे खेळ तबकडीवर येऊं लागले. तबकडी छापणें स्वस्त व तिच्यांत जागा मुबलक. एकीवर कित्येक खेळांचे तुकडे मावत. यूरोपांत यंत्राबरोबरच 'डेमो वन' नांवाची एक तबकडी मिळे. तिच्यांत एक प्रचंड डायनोसॉर होता. त्याच्याशीं खेळावयाचें असें कांहींच नव्हतें. त्यास फिरवावें, जवळ आणावें, त्याचा जबडा निरखावा, इतकेंच. तरी त्या पिढींतील लोक आज चाळिशी ओलांडल्यावरहि त्याची आठवण काढतात. १९९५ पासून ब्रिटनमध्यें आणि १९९७ पासून अमेरिकेंत प्लेस्टेशनचीं अधिकृत मासिकें निघूं लागलीं व अंकाबरोबर वानग्यांची तबकडी येऊं लागली. ब्रिटनमधील तबकड्यांवर तर 'नेट यारोझ' या हौशी लोकांकरितां काढलेल्या काळ्या यंत्रावर सामान्य माणसांनीं घरीं बसून रचलेले खेळहि छापले जात. वर्षाकांठीं एक दिनदर्शिका देऊन वाचकांस उपकृत करणाऱ्या आमच्या संपादकमंडळींनीं या औदार्याची नोंद घ्यावी.

आपल्याकडे हा सर्व काळ निराळाच गेला. १९९० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून जीं यंत्रें दिसत तीं बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला असत, आणि एकाच कार्ट्रिजवर हजारों खेळ असल्याची जाहिरात असे. मोजूं गेल्यास तेच दहा-वीस खेळ नांव बदलून पुन्हा पुन्हा येत. तेथें वानगीस वावच नव्हता. २००१ सालीं मुंबईहून निघूं लागलेल्या 'डिजिट' या इंग्रजी मासिकाच्या तबकड्यांवर खेळांच्या वानग्या येत, पण त्या संगणकाच्या. कन्सोलवर वानगी उतरवून घेण्याची सोय घरोघर झाली ती जलद इंटरनेट आल्यानंतरच.

आतां आमच्या मूळ न्यायाकडे वळूं. २००१ च्या मार्च महिन्यांत कोनामी या जपानी कंपनीनें 'झोन ऑफ द एंडर्स' हा खेळ प्लेस्टेशन २ करितां काढला आणि त्याच्या डब्यांत 'मेटल गियर सॉलिड २' या येऊं घातलेल्या खेळाच्या वानगीची तबकडी घातली. पुष्कळांनीं पहिला खेळ विकत घेतला तो केवळ दुसऱ्याच्या वानगीसाठीं. डब्याबरोबर वाटी मिळते म्हणून साबण घेण्याची युक्ति आपल्या घरांत कोणास सांगावयास नको! त्या वानगींत पावसाच्या रात्रीं एक मोठें तेलवाहू जहाज चाललेलें असतें आणि पूर्वीच्या खेळाचा नायक स्नेक त्यावर उतरतो. पाऊस, लोखंडी जिने, पहारेकऱ्यांचीं पावलें, सर्वच अप्रतिम. वर्षाच्या अखेरीस पूर्ण खेळ आला तेव्हां लोकांस आढळलें कीं जहाजाचें प्रकरण आटोपल्यावर स्नेक बाजूस सरतो, आणि तेथून पुढें रायडेन नांवाचा एक निराळाच तरुण चालवावा लागतो. जवळजवळ सगळा खेळ त्याचाच आहे. कर्ते हिदेओ कोजिमा यांनीं ही गोष्ट मुद्दामच गुप्त ठेविली होती. कित्येक खेळणारे चिडले. कित्येकांनीं या धाडसाबद्दल त्यांस अद्याप डोक्यावर घेतलें आहे. आमच्या मतें ही कलावंताची युक्ति होती, तींत लबाडी नव्हती. नाटकाचा तिसरा अंक कसा संपतो हें जाहिरातींत छापावें अशी अपेक्षा कोणी करूं नये. परंतु दुसरें उदाहरण आम्हांस इतक्या सहज सोडवत नाहीं.

तें २००९ सालचें आहे. टिम शेफर यांच्या डबल फाइन या संस्थेनें 'ब्रूटल लेजेंड' नांवाचा खेळ काढला. त्याची वानगी विक्रीपूर्वीं मिळाली. तींत नायक हातांत परशु व गळ्यांत गिटार घेऊन राक्षसांशीं लढतो आणि मोटार उधळतो. लोकांनीं तो मारामारीचा खेळ समजून घेतला. पूर्ण खेळांत पुढें गेल्यावर मात्र सैन्य उभारावें, तें रणांगणावर पाठवावें, दुरून हुकूम सोडावे, अशा प्रकारचे मोठे प्रसंग येऊं लागले. बुद्धिबळ आवडणारास कुस्ती दाखवावी, किंवा कुस्ती आवडणारास बुद्धिबळाच्या पटावर नेऊन बसवावें, तसा हा प्रकार झाला. दोन्ही प्रकार आपापल्या जागीं चांगले असतील. पण येथें पातेलें एक असून तांदूळ दोन जातींचे होते, आणि शीत एकाच जातीचें काढून दाखविलें होतें. मेटल गियरमध्यें पात्र बदललें, खेळण्याची रीत बदलली नाहीं. येथें रीतच बदलली. वानगी खेळून पाहतांना हा भेद ज्याच्या लक्षांत राहील त्याचे पांच हजार रुपये बहुधा वांचतील.

भरताच्या नाट्यशास्त्रांत प्ररोचना म्हणून एक अंग सांगितलें आहे. नाटकाची व कवीची स्तुति करून प्रेक्षकांचें मन प्रयोगाकडे वळवून घ्यावयाचें, हें तिचें काम. वानगी ही परीक्षा आहे कीं प्ररोचना आहे, असा प्रश्न केल्यास आमचें उत्तर असें कीं घेणाराच्या दृष्टीनें ती परीक्षा व देणाराच्या दृष्टीनें प्ररोचना. दोघांचा हेतु एक नाहीं, हें मुलांस एकदां नीट समजावून द्यावें. त्यांस तें चटकन् समजतें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं याचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. घरांत प्लेस्टेशन ५ आहे. शिवाय सिंगापूरचा भाचा सुटींत आला तो आपला निन्टेन्डो स्विच घेऊन आला. तेरा वर्षांच्या थोरल्या नातीजवळ भाऊबिजेच्या ओवाळणीचे व बक्षिसाचे मिळून एका खेळापुरते पैसे जमले होते. पैसे तिचे, परंतु कोणता खेळ आणावयाचा याविषयीं दोघां नातवांचें मत आधींच ठाम झालेलें होतें, व तें त्यांनीं तिला वरचेवर ऐकविलेंहि होतें. यंत्र आल्यापासून कंट्रोलर बहुतेक वेळ त्या दोघांच्याच हातीं असे, आणि मुलीनें शेजारीं बसून पाहावें अशी एक न ठरवितां पडलेली वहिवाट होती. आम्हीं सांगितलें कीं प्रथम वानग्या खेळा. प्रत्येकानें सारखा वेळ खेळावें, आणि खेळ थांबल्याबरोबर वहींत तीन गोष्टी लिहाव्या. या वेळांत हातानें काय केलें? खेळ थांबला तेव्हां मनांत काय आलें? या तुकड्यानें काय दाखविलें नाहीं? जन्मभर वह्या तपासल्या, तेव्हां ही खोड आतां जावयाची नाहीं.

पहिली वानगी 'माय फर्स्ट ग्रान टुरिस्मो'ची. मोटारींच्या शर्यतींचा 'ग्रान टुरिस्मो ७' हा जो मोठा खेळ, त्याचा हा छोटा अवतार सोनीनें डिसेंबर २०२४ मध्यें फुकट दिला. थोड्या गाड्या, थोडे रस्ते, परवान्याच्या परीक्षा आणि गाण्याच्या तालावर गाडी हांकण्याचा एक प्रकार त्यांत आहे. नातू यावर लट्टू झाले. या यंत्राच्या कंट्रोलरचीं बटणें प्रसंगीं बोटास उलट जोर करतात, त्यामुळें ब्रेक दाबतांना खराच पायाखालीं ब्रेक असल्याचा भास होतो. आम्हींहि परवान्याची पहिली परीक्षा दिली. ती उतरलों, हें नम्रपणें नमूद करतों. घरांतील सर्वांस एका बैठकीस खेळतां येण्याजोगी ही वस्तु आहे, यांत शंका नाहीं. पण नातीच्या वहींतील दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस विचार करावयास लावणारें होतें. तिनें लिहिलें होतें : "खेळ थांबला तेव्हां पुन्हा शर्यत लावावी असें वाटलें नाहीं; पुढची गाडी कोणती मिळेल असें वाटलें." खेळण्याची इच्छा निराळी व मिळविण्याची इच्छा निराळी. जाहिरातवाले दुसरीवर जगतात. तेरा वर्षांच्या मुलीनें हा भेद स्वतः होऊन पाहिला याचें आम्हांस कौतुक वाटलें, आणि तें आम्हीं नातवांसमोर बोलून दाखविल्यामुळें त्या दिवशीं रात्रीच्या जेवणास थोडा अबोला राहिला.

स्विचवर 'कर्बी अँड द फरगॉटन लँड'ची वानगी होती. ही २०२२ च्या मार्चमध्यें, खेळ विक्रीस येण्याच्या अगोदर तीनएक आठवडे आली. कर्बी म्हणजे एक गुलाबी गोळा. तो समोरची वस्तु श्वासाबरोबर ओढून घेतो व तिचे गुण अंगीं आणतो. मोटार गिळूं पाहतो आणि स्वतःच मोटारीच्या आकाराचा होतो. दोघांस एकत्र खेळतां येतो, म्हणून आमची थोरली सून व सहा वर्षांची धाकटी नात यांनीं तो हातीं घेतला. सौभाग्यवतींनीं जपाची माळ बाजूस ठेवून शेवटपर्यंत पाहिला आणि "हा बाई अगस्तीच झाला," असा अभिप्राय दिला. तीन लहान टप्पे, चटकन् संपणारे. पूर्ण खेळ जसा आहे तसाच तुकडा. शीत व भात एक. मात्र यंत्र भाच्याबरोबर परत जाणार असल्यामुळें तो घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाहीं, व धाकटीची समजूत घालण्यास दोन दिवस लागले.

'फायनल फँटसी १६' ची वानगी कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्यानें मागितली. हा खेळ २२ जून २०२३ रोजीं निघाला व वानगी त्यापूर्वीं दहा दिवस आली. रक्तपात आहे, यूरोपांतील वयाच्या कोष्टकांत त्यास १८ हा अंक दिलेला आहे. म्हणून मुलें निजल्यावरच तो लावावा असें ठरलें. आम्ही सहज म्हणून शेजारीं बसलों, आणि दोन तास हाललों नाहीं. राजपुत्र असलेला धाकटा भाऊ व त्याचें रक्षण करण्याची शपथ वाहिलेला थोरला भाऊ, अशी ती कथा आहे. भरतलक्ष्मणांच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसास ती परकी वाटत नाहीं. त्या प्रकरणाचा शेवट जेथें होतो तेथें पुतण्या कांहीं वेळ बोलला नाहीं. वानगीची घडण मात्र आम्हांस विशेष आवडली ती याकरितां, कीं खेळाचा आरंभ पुरा दाखविल्यावर पुढच्या भागांतील लढाईचा एक तुकडा वेगळा काढून दिलेला आहे. नायक पुढें बलवान् झाल्यावर हातांस कसें वाटेल तें त्यांत कळतें. पातेल्याच्या दोन बाजूंनीं दोन शितें काढून दिल्यासारखें हें आहे. आणि आरंभीं जें खेळलों तें वाया जात नाहीं. पूर्ण खेळ घेतल्यास तेथूनच पुढें जातां येतें.

एक गोष्ट मधेंच सांगतों. नातीनें एके दिवशीं विचारलें, "आजोबा, आपल्याकडचा असा खेळच नाहीं का हो?" आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम स्विचवर व ऑक्टोबरमध्यें इतर यंत्रांवर आणला. राक्षसांनीं नेलेल्या आपल्या भावास शोधीत जाणारी राजी ही त्याची नायिका असून कथा सांगणारे दुर्गा व विष्णु आहेत. भाऊ बहिणीस सोडवावयास जातो अशा गोष्टी शेंकड्यांनीं आहेत. येथें उलट आहे, हें तिला फार आवडलें.

वानगीचा सर्वांत सुंदर उपयोग आम्हांस दिसला तो 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' या खेळाच्या बाबतींत. स्क्वेअर एनिक्स कंपनीनें त्याची पहिली वानगी सप्टेंबर २०१७ मध्यें स्विचवर दिली, तेव्हां खेळ पुरा झालेला नव्हता. आठ प्रवाशांपैकीं एक नर्तकी व एक योद्धा असे दोघेच तींत होते. खेळून झाल्यावर लोकांस एक प्रश्नावली दिली व आलेलीं उत्तरें वाचून त्यांप्रमाणें खेळांत दुरुस्त्या केल्या : चालण्याचा वेग वाढविण्याची सोय केली, पाहिलेले प्रसंग वगळतां यावे अशी तजवीज केली, वाटेंत वारंवार येणाऱ्या लढाया कमी करतां येतील असें केलें. काय काय बदललें तें जानेवारी २०१८ मध्यें जाहीरहि केलें. जूनमध्यें दुसरी वानगी आली, ती तीन तासांची. आणि १३ जुलै २०१८ रोजीं खेळ विक्रीस आला. विद्यार्थ्यांनीं परीक्षकास गुण द्यावे आणि परीक्षकानें ते मुकाट्यानें मान्य करून आपली प्रश्नपत्रिका सुधारावी, असा प्रसंग आमच्या सबंध नोकरींत आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

याच्या उलट टोंकास कॅपकॉम कंपनीची जानेवारी २०१९ मधील 'रेसिडेंट ईव्हिल २' ची वानगी. ती फक्त ३० मिनिटांची. घड्याळ लागलें कीं मरा किंवा जगा, अर्धा तास भरल्यावर दार बंद; त्याच खात्यावर पुन्हा उघडणें नाहीं. भीतीच्या खेळास ही युक्ति शोभली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु घंटा वाजावयाच्या धास्तीनें सोडविलेल्या पेपरावरून मुलाची बुद्धि कळत नाहीं, तशी घड्याळाकडे डोळा ठेवून खेळलेल्या वानगीवरून खेळाची योग्यता कळत नाहीं. उत्कंठा घड्याळाची असते आणि श्रेय खेळास जातें.

याहून पुढची पायरी म्हणजे वानगीसच किंमत लावणें. 'ग्रान टुरिस्मो ५' चा पूर्वभाग २००७ सालीं जपानांत स्वतंत्रपणें विकला गेला. मार्च २०१४ मध्यें 'मेटल गियर सॉलिड ५' चा 'ग्राउंड झीरोज' हा छोटा पूर्वभागहि विकत देण्यांत आला, व त्याचें मुख्य काम एक-दोन तासांत संपतें म्हणून पुष्कळ कुरबूर झाली. २०२२ च्या जूनपासून सोनीच्या वर्गणीच्या सर्वांत वरच्या प्रकारांत, ज्यास आपल्याकडे डिलक्स म्हणतात, कांहीं खेळ ठराविक तास खेळून पाहण्याची सवलत आहे. म्हणजे शीत चेपून पाहावयाचें तर आधीं वर्गणी भरा. दुकानदाराचा यांत हिशेब असेल. आम्हांस तो रुचत नाहीं.

तो हिशेबहि पाहण्यासारखा आहे. जेसी शेल हे अमेरिकेंतील खेळांचे एक अभ्यासक व प्राध्यापक. त्यांनीं २०१३ सालीं लास व्हेगास येथील एका परिषदेंत एक्सबॉक्स ३६० च्या खेळांचे आंकडे पुढें मांडून सांगितलें कीं ज्या खेळांचें जाहिरातीचें चित्र दाखविलें पण वानगी दिली नाहीं ते सर्वांत अधिक खपले. वानगी दिल्यानें खप निम्म्यावर येऊं शकतो. हें ऐकून पुष्कळ कंपन्यांस हायसें वाटलें असावें. कारण वानगी तयार करणें हेंहि फुकट होत नाहीं. खेळ पुरा करण्याची घाई चाललेली असतांना माणसें काढून तुकडा वेगळा घडवावा लागतो, व तो बहुधा अपुऱ्या खेळांतून कापलेला असल्यामुळें त्याचे दोष सर्व जगास दिसतात. तथापि शेल यांच्या आंकड्यांवरून वानगीमुळेंच खप घटला असें ठरत नाहीं. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचें कारण होत नाहीं, हें तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यांत येतें. ज्या खेळाची जाहिरात अफाट त्यास वानगीची गरज नसते. ज्याचें नांव कोणी ऐकलेलें नाहीं तोच चव दाखवीत दारोदार हिंडतो. आणि वानगी खेळून लोकांनीं एखादा खेळ घेतला नाहीं, तर त्यांत वानगीनें आपलें काम चोख केलें, असेंच ग्राहकानें म्हणावें.

या वस्तु किती क्षणभंगुर आहेत हेंहि सांगितलें पाहिजे. १२ ऑगस्ट २०१४ रोजीं प्लेस्टेशन ४ वर 'पी. टी.' नांवाची एक वानगी अकस्मात् आली. कर्त्याचें खरें नांव नाहीं, खेळाचें नांव नाहीं. घराचा एक वळणाचा बोळ. टोंकाच्या दारांतून बाहेर पडावें तों पुन्हा त्याच बोळांत. दर फेरीस कांहींतरी बदललेलें. कोडें सुटल्यावर कळलें कीं हा कोजिमा व चित्रपटकार गियेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स' या येणाऱ्या खेळाचा इशारा आहे. पुढच्या वर्षीं एप्रिलमध्यें तो खेळच रद्द झाला, आणि २९ एप्रिल २०१५ रोजीं वानगीहि दुकानांतून काढून घेण्यांत आली. भात शिजलाच नाहीं. शीत तेवढें उरलें. ज्यांच्या यंत्रांत ती राहिली होती त्यांनीं तीं यंत्रें भारी किमतीस विकावयास काढलीं. पुढें मार्च २०२३ मध्यें निन्टेन्डोनें ३डीएस व वी यू या यंत्रांचें दुकान व जुलै २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स ३६० चें दुकान बंद केलें. तेथील वानग्याहि त्याबरोबर गेल्या. मासिकांच्या जुन्या तबकड्या ज्यांनीं माळ्यावर टाकून ठेविल्या त्यांच्याजवळ त्या काळचा अधिक पुरावा शिल्लक आहे.

घरांत वानगी लावतांना कांहीं व्यवहाराच्या गोष्टी पाहाव्या. मुलांचें खातें त्यांच्या खऱ्या वयाचें असावें, म्हणजे मोठ्यांच्या वानग्या त्यांच्या हातीं आपोआप पडत नाहींत. पडद्यावरील अक्षर बैठकीच्या जागेवरून वाचतां येतें कीं नाहीं तें घरांतील सर्वांत वृद्ध माणसाकडून वाचवून घ्यावें. पात्राच्या डोळ्यांनीं जग दाखविणाऱ्या कांहीं खेळांत कित्येकांस गरगरतें. तें दहा मिनिटांत कळून येतें व पुढचा खर्च वांचतो. इंग्रजी संवाद किती आहेत तेंहि पाहावें. मोठ्या खेळाची वानगी पुष्कळ गिगाबाइट जागा अडविते, म्हणून निर्णय झाल्यावर ती काढून टाकण्यास विसरूं नये.

सुटीच्या शेवटच्या आठवड्यांत नातीनें 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर २' ची वानगी प्लेस्टेशनवर उतरविली. फेब्रुवारी २०२३ मधील हा खेळ. वानगी तीन तासांची आणि पुढें चालूं ठेवतां येणारी. आठ जणांतून तिनें कास्ती नांवाची एक स्त्री निवडली. ही वैद्य आहे. समुद्रांत वाहत चाललेल्या होडींत सांपडते, आणि आपण कोण हेंच तिला आठवत नाहीं. रोज अर्धा तास याप्रमाणें सहा दिवस हा प्रयोग चालला. नातवांस तो कंटाळवाणा वाटला : शर्यत नाहीं, आपल्या-आपल्या पाळीनें सावकाश लढावयाचें, आणि वाचावयाचें फार. "ही कसली निवड? सगळ्यांचा तोटा," असें मोठा म्हणाला. तिनें वही त्याच्यापुढें सरकविली. तिसऱ्या प्रश्नापुढें लिहिलें होतें : "बाकीचे सात जण कसे भेटतात तें दाखविलें नाहीं." दुसऱ्यापुढें : "तिला कोणीतरी ओळखावें असें वाटलें."

सहाव्या दिवशीं तीन तास भरले व खेळ थांबला. तिनें पैसे मोजून पुतण्याकडे दिले आणि पूर्ण खेळ उतरवावयास सांगितलें. मोठ्या नातवानें अद्याप त्यास हात लावलेला नाहीं. धाकटा मात्र रोज संध्याकाळीं तिच्या शेजारीं येऊन बसतो, आणि अडलेला इंग्रजी शब्द आला कीं अर्थ विचारावयास आमच्याकडे धांवत येतो.